एझ्राचे नवखे

एझ्रा, ती कार्डं मीनूने चिकटवली नव्हती. मी चिकटवली होती. गोंदाची बाटली माझ्या हातात होती, आल्बमच्या पानांवर पट्टीने आखलेल्या पेन्सिलीच्या रेघा माझ्या होत्या. तू मुंबईहून परतलास, आमच्या घरी येऊन अंगातला कोटही न काढता तो आल्बम उघडलास, आणि मी माझ्या नऊ वर्षांच्या मुलीचं नाव पुढे केलं. खरं सांगायला त्यानंतर मला चार वर्षं मिळाली. या चार वर्षांत आपण किती वेळा भेटलो, किती चहा प्यायलो, इथल्या सरकारला किती शिव्या घातल्या. पण हे एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. आता तुझं दफन होऊन आठवडा उलटला आहे आणि मी ते कागदावर लिहितो आहे. म्हणजे अजूनही तुझ्या डोळ्यांत बघून नाहीच.

लंडनच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर दोन पानं द्या, असा मला फोन आला. जन्मगाव, शिक्षण, नोकरी, एवढं पुरे म्हणाले. ते सगळं रिबेकावहिनींना विचारून कुणीही लिहील. मला तेवढंच लिहून गप्प बसता येत नाही. गप्प बसायचं काम मी भरपूर केलं.

तू मला पहिल्यांदा भेटलास तो आवाज म्हणून. साठच्या दशकातली उन्हाळ्यातली संध्याकाळ होती. मी नुकताच कार्डिफच्या हॉस्पिटलात भूल देणारा ज्युनिअर म्हणून लागलो होतो आणि दिवसभरात कुणाशी बोलायचं ते टेबलावरच्या पेशंटशी, तेही तो झोपेपर्यंत. स्प्लॉट भागातल्या मैदानाकडेने खोलीवर चाललो होतो. मैदानात क्रिकेटसारखं काहीतरी चाललं होतं, पण बॅट चपटी, चेंडू खांद्याखालून टाकलेला, आणि मारला की चार खांबांभोवती पळत सुटायचं. तेवढ्यात स्वच्छ मराठीत ऐकू आलं, "अरे पळ ना गाढवा, बघत काय बसलायस!" आणि लाल केसांचा एक आडदांड गोरा माणूस खरोखरच पळाला.

खेळ संपल्यावर मी तुझ्याजवळ आलो. "तुम्ही आत्ता मराठीत ओरडलात?"

"मग काय वेल्शमध्ये ओरडू? वेल्श त्यालाही येत नाही."

"तुम्ही कुठले?"

"रेवदंड्याकडचे. शनवार तेली आम्ही, बेने इस्राएल. तेल काढणं सुटलं, शनिवार तेवढा ठेवलाय." मग तू माझ्याकडे नीट बघितलंस. "जेवलायस का? चेहऱ्यावरून वाटत नाही."

पाचव्या मिनिटाला तू मला अरे-तुरे करत होतास. त्या रात्री रिबेकावहिनींनी नारळाच्या दुधातली माशाची आमटी वाढली आणि मी ताटावर बसून रडलो. तू ते बघितलंस आणि वहिनींना म्हणालास, "तिखट कमी घाल ग, डॉक्टरांना सोसत नाही." लाज झाकायची तुझी ही पद्धत होती. दुसऱ्याची लाज तू नेहमी अशीच झाकलीस. माझी तर सगळ्यात जास्त.

बेसबॉल तुला कार्डिफने दिला. हा खेळ असा या शहरात आणि आजूबाजूच्या एक-दोन गावांतच खेळतात, हे कळल्यावर तू आणखीच खूश झालास. पोलादाच्या कारखान्यात होतास तोवर त्यांच्या संघातून खेळलास. मग गुडघा गेला. मग कारखान्याचंही काही खरं दिसेना, आणि सत्तरच्या दशकाच्या मध्यात जपान्यांनी इथे टीव्हीचा कारखाना काढला तेव्हा तू तिकडे मेंटेनन्सला गेलास. तिथे मोरी नावाचे इंजिनिअर होते, ओसाकाचे. आमच्या घरी पहिल्यांदा हे आडनाव ऐकल्यावर माझी शालिनी हसू दाबायला स्वयंपाकघरात गेली होती आणि तू आतल्या दिशेने ओरडला होतास, "वहिनी, हसा, हसा! त्यांच्या भाषेत मोरी म्हणजे जंगल. आपण मात्र भांडी घासणार!"

मोरींनी आपला मैदानावरचा खेळ बघितला आणि नम्रपणे म्हणाले, हा बेसबॉल नाही. तू चिडला नाहीस. "मग तुमचा दाखवा," म्हणालास. त्यांच्या मुलाला आजीकडून पार्सलं यायची, त्यात क्रिस्प्सची, म्हणजे बटाट्याच्या वेफर्सची, पाकिटं, आणि प्रत्येक पाकिटाबरोबर एक छोटंसं बंद पाकीट, त्यात एका खेळाडूचं कार्ड. पत्त्याएवढं. पुढे रंगीत फोटो, मागे बारीक जपानी मजकूर. पोरगा नामांकित खेळाडूंची कार्डं ठेवून घ्यायचा आणि उरलेली तुला द्यायचा. उरलेली म्हणजे त्या वर्षी नव्याने भरती झालेली पोरं, ज्यांना अजून कुणी ओळखत नव्हतं.

तू त्यांना नवखे म्हणायचास.

मोरींकडून तू भरतीची सगळी तऱ्हा समजून घेतली होतीस आणि मला ती इतक्या वेळा ऐकवलीस की मला अजून पाठ आहे. दर वर्षाअखेरीला सगळे संघ एकत्र बसतात, चिठ्ठ्या काढून कुणाची पाळी आधी ते ठरवतात, आणि मग एकेक जण शाळा-कॉलेजातल्या पोरांची नावं घेत जातो. ज्याने नाव घेतलं त्याच्याच संघात पोराने जायचं. नको असेल तर घरी बसायचं नाहीतर एखाद्या कंपनीच्या संघात खेळायचं. "म्हणजे आपल्यासारखंच," तू म्हणायचास. "तुला कुणी विचारलं होतं का, कार्डिफ हवं की लीड्स?"

मला ते सगळं पोरकट वाटायचं. चाळिशी ओलांडलेला माणूस क्रिस्प्सच्या पाकिटातली कार्डं बिस्किटांच्या डब्यात जपतो, हे मी हॉस्पिटलात कुणाला सांगितलं नसतं. आपला तो वाद आठवतो? तो कधी संपलाच नाही.

"जमवायचीच तर ज्याचं नाव झालंय त्याची जमव ना," मी म्हणालो.

"नाव झालं की तो सगळ्यांचा. मी कशाला हवा मग त्याला?"

"आणि यातल्या निम्म्यांचं काहीच होणार नाही."

"मग? त्यांना डब्यातून काढून टाकू?"

दोन हंगाम नुसता बाकावर बसून गावी परत गेलेला एक पोरगा होता. मोरींना त्याचं नावही आठवेना. त्याचं कार्ड तू सगळ्यांत वर ठेवायचास. मी चेष्टा केली तेव्हा तू ते कार्ड हातात घेतलंस. मग म्हणालास, "आईने मी बोटीवर चढताना माझा फोटो काढून घेतला होता. नवा कोट, टोपी कानावर आलेली. या पोरांच्या टोप्या बघ. अजून कुणाच्या डोक्याला बसलेल्या नाहीत." मी घड्याळाकडे बघितलं. असं मी का केलं? त्या दिवशी मला कुठेही जायचं नव्हतं.

मीनू मात्र तुझी भाषा बोलायची. रविवारी दुपारी तिला तुझ्याकडे सोडायचं हे ठरून गेलं होतं. मोरीबाई यायच्या, कार्डाची मागची बाजू वाचायच्या, अडखळत इंग्रजीत सांगायच्या, आणि तू ते मीनूसाठी मराठीत आणायचास. हा अमुक गावचा, बाप होडी चालवतो. हा डाव्या हाताने टाकतो पण जेवतो उजव्या. याला आईने बनवलेला भात-रस्सा आवडतो. मीनू घरी येऊन आम्हाला ते सगळं जेवताना सांगायची. तिचं मराठी कसंही वाकायचं, नदी तो आणि भात ती व्हायची, पण बोलायची मराठीच. माझ्याशी एरवी ती इंग्रजीत बोले. तुझ्या नवख्यांविषयी बोलताना तेवढी मराठीत.

तुला आणि रिबेकावहिनींना मूल नव्हतं. त्यावर आपण कधी बोललो नाही. रविवारी संध्याकाळी मी मीनूला न्यायला यायचो, तेव्हा तू दारातच म्हणायचास, "दहा मिनिटं थांब, एक पोरगा राहिलाय." मी पायरीवर थांबायचो आणि आतून तिचं हसणं ऐकायचो. एझ्रा, आज लपवण्यात काही अर्थ नाही. मला त्या हसण्याचा हेवा वाटायचा.

मग मोरी कुटुंब ओसाकाला परत गेलं. जाताना बाईंनी सांगितलं की नव्या हंगामातले नवखे पाठवते. बोटीच्या टपालाने यायला बरेच महिने लागले. शेवटी ते पार्सल आलं त्याच आठवड्यात तुझी आई गेल्याची तार आली. पाकिटं तू उघडलीस, फोटो बघितलेस, पण मागचं वाचायला कुणी नव्हतं. कारखान्यात एक नवं जपानी कुटुंब यायचं होतं, त्यांच्या बाईंना विचारायचं असं तू आणि मीनूने ठरवलं. तुमच्या घराचं छत तेव्हा गळत होतं आणि दुरुस्तीला माणसं येणार होती, म्हणून तू डबा आमच्याकडे ठेवलास. माझ्या हातात दिलास. "ओल लागू देऊ नकोस," एवढंच म्हणालास.

तू आईचे दिवस करायला मुंबईला गेला होतास. तुझ्यासाठी काहीतरी करावं असं मला मनापासून वाटत होतं, यावर विश्वास ठेव. इथे घराघरात चहाच्या पुड्यातून कार्डं निघतात, पक्ष्यांची, फुलांची, आणि मुलं ती आल्बममध्ये चिकटवतात. मीनूचेही असे दोन आल्बम होते. त्या आल्बममध्ये कार्डाच्या चौकटीखाली मागचा मजकूर पुन्हा छापलेला असतो, त्यामुळे कार्ड चिकटवलं तरी काही हरवत नाही. मी इतकी वर्षं इथे राहून कार्ड म्हटलं की गोंद, एवढंच शिकलो होतो. तुझे नवखे बिस्किटाच्या डब्यात एकमेकांवर घासताहेत, त्यांना चांगलं घर देऊ, असं माझ्या डोक्यात आलं. दुकानातून जाड पानांचा कोरा आल्बम आणला. दुपारची सुट्टी होती, शालिनी वॉर्डवर होती. मी पट्टी घेतली, पेन्सिल घेतली आणि बसलो. भुलीच्या सिरिंजा सुया लावून रांगेत मांडायची सवय होती, तशीच रांग.

मीनू शाळेतून आली आणि टेबलाशी उभी राहिली.

"बाबा, नको ना. एझ्राकाकांचा आहे ते."

"म्हणूनच तर. त्यांना सरप्राइज."

"पण मागचा बाजू वाचायचा राहिलाय. नवीन आंटी येणार, मग वाचायचं, काका म्हणाले."

"मागे जपानी आहे मीनू. काका वाचणार आहेत का ते?"

"आंटी वाचते. मग काका सांगतात. प्लीज बाबा. हे लोकांचा अजून काहीच माहीत नाही आपल्याला."

तिने शेवटच्या पार्सलातल्या कार्डांवर हात ठेवला. मी तो हात उचलून बाजूला केला. "तुला काय कळतं? जा, टीव्ही बघ." तुझ्या नवख्यांमधलं सगळ्यात महत्त्वाचं काय आहे, हे त्या घरात एकाच माणसाला माहीत होतं, आणि त्याला मी टीव्ही बघायला पाठवलं. आज मला वाटतं, मला ते अगदीच माहीत नव्हतं असंही नाही. तुमचा रविवार मला थोडा माझ्या हाताने करायचा होता.

तू परत आलास. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. आल्बम पुढे केला तेव्हा तू आधी हसलास. पहिलं पान बघितलंस. मग एका कार्डाच्या कोपऱ्याखाली नख घातलंस. ते हललं नाही. पान उलटलंस, दुसऱ्याखाली घातलंस. मग वर न बघता म्हणालास, "मागचं?"

एवढंच. तू ओरडला असतास तर मी खरं सांगितलं असतं, असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं आहे. पण तुझी आई गेली होती आणि तुझा आवाज इतका लहान झाला होता, की तो मी केला हे मला सहन होईना. मी म्हणालो, "मीनूने हौसेने केलं रे. मी ड्यूटीवर होतो. तिला वाटलं टी-कार्डांसारखं असतं."

मीनू दारात उभी होती. तुझ्यासाठी बशीत चिवडा घेऊन आली होती. स्वयंपाकघरातून शालिनी म्हणाली, "काय केलं हिने?" आता मागे येणं आणखी अवघड झालं. मी म्हणालो, "मीनू, काकांना सॉरी म्हण."

ती रागावली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. गोष्ट वाचून दाखवताना आपण चुकीचं वाचलं की मुलं थांबतात ना, आता बाबा दुरुस्त करतील म्हणून, तशी ती थांबली. मी केलं नाही. मग ती तुझ्याकडे वळली आणि म्हणाली, "सॉरी काका."

तू तिच्या डोक्यावर हात ठेवलास. "असू दे ग, बाळ. कागदच आहेत." आणि तो चिवडा खाल्लास, सगळा. निघताना आल्बम काखेत धरून दारात थांबलास.

"माधव, नऊ वर्षांच्या पोरीच्या रेघा फार सरळ आहेत रे."

"शाळेत शिकवतात," मी म्हणालो.

"हं. चांगली आहे शाळा."

तू दार उघडं ठेवलं होतंस आणि मी ते लावून घेतलं. तुला माहीत होतं का, याचं उत्तर आता मला मिळणार नाही. तुला ते माहीत असेल तर तू चार वर्षं माझी वाट बघितलीस. नसेल तर चार वर्षं तू माझ्या पोरीला मनातल्या मनात माफ करत राहिलास. दोन्हींतलं बरं कुठलं ते मला ठरवता येत नाही.

किटलीच्या वाफेवर तू काही कार्डं सोडवून बघितलीस, हे मला वहिनींकडून कळलं. कागद मधूनच फाटला, मजकूर आल्बमला चिकटून राहिला आणि चेहऱ्यांवर डाग पडले. मग तू सोडून दिलंस. नवं जपानी कुटुंब आलं, पण तू त्यांच्याकडे काही घेऊन गेला नाहीस. त्यानंतर एकही नवखा तू जमवला नाहीस. त्या शेवटच्या पार्सलातल्या पोरांची गावं, शाळा, घरी कोण, हे तुला कधीच कळलं नाही.

आणि मीनू यायची थांबली. "मीनू कुठाय?" तू दर वेळी विचारायचास आणि मी सांगायचो, होमवर्क आहे, सर्दी आहे, मैत्रिणीकडे गेली आहे. खरं तर ती कोट घालून जिन्यापर्यंत यायची आणि मग म्हणायची, "नको. काकांना आवडणार नाही." मी तिला बोलावून समजावलं नाही. समजावायचं तर आधी मला बोलावं लागलं असतं. तिला त्यानंतर एक सवय लागली, ती तुला कुणी सांगितली नसेल. पेला सांडला, सॉरी. पाऊस आला, सॉरी. आई दमून आली, सॉरी. शाळेतल्या बाईंनीही एकदा विचारलं, ही एवढं सॉरी का म्हणते? मी म्हणालो, इथे सगळेच म्हणतात. बसमध्ये कुणी आपल्या पायावर पाय दिला तरी आपणच सॉरी म्हणतो. बाई हसल्या. मला हे किती सहज जमलं बघ.

घरी ती मराठीत बोलेनाशी झाली. हे मी शेवटी लिहितो आहे, कारण हे सगळ्यात हळू झालं आणि मी ते बघितलं.

यंदा तुझं आतड्याचं ऑपरेशन ठरलं. आपल्या माणसाला आपण भूल द्यायची नाही, असा आमच्यात संकेत आहे, म्हणून ते काम माझ्या सहकाऱ्याकडे दिलं. पण आदल्या दिवशीची तपासणी मी मागून घेतली. तुझ्या खाटेशी खुर्ची ओढून बसलो आणि सगळ्यांना विचारतात तेच प्रश्न तुला विचारले.

"खोटे दात?"

"दात खरे आहेत. आणखी काय खोटं शोधतोयस?"

"कसली ॲलर्जी?"

"वेल्श स्वयंपाकाची."

"पूर्वी कधी भूल घेतलीय?"

"तुझ्या गप्पा ऐकल्यात." तू हसलास आणि हसताना पोट धरलंस. शेवटचा प्रश्न आम्हाला विचारावाच लागतो. मी विचारला, "तुला काही विचारायचंय?"

तू थोडा वेळ छताकडे बघितलंस. "मला नाही. तुला काही सांगायचंय?"

वॉर्डात चहाची गाडी फिरत होती. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा पेपर वाचत होता. माझ्या जिभेवर मीनूचं नाव आलं होतं, एझ्रा. खरंच आलं होतं. आणि मी म्हणालो, "उद्या सकाळी काही खाऊ-पिऊ नकोस."

"बरं, डॉक्टर," तू म्हणालास. तू मला पूर्वी कधी डॉक्टर म्हणून हाक मारली नव्हतीस.

ऑपरेशन चांगलं झालं. मी ठरवलं, रविवारी येतो आणि सांगतो. रविवारच योग्य, असंही वाटलं. शनिवारी सकाळी तू न्हाणीघराकडे चालत निघालास आणि वाटेत कोसळलास. पायातली गुठळी फुप्फुसात गेली. कुणाचीही चूक नव्हती, असं होतं, मी पेशंटच्या घरच्यांना पूर्वी सांगितलं आहे. तेच शब्द माझ्या सहकाऱ्याने कॉरिडॉरमध्ये मला सांगितले आणि मी मान डोलावली.

शनिवारी तुम्ही काही करत नाही, म्हणून रविवारी नेलं. प्रार्थनेला दहा पुरुष हवे होते. तुमची इथली माणसं थोडी, बाकीचे सिनेगॉगमधून आले, तुला न ओळखणारे. मी त्या दहात मोजला जात नाही, पण माती टाकायला मला कुणी अडवलं नाही. पावसाने माती जड झाली होती. फावडं दुसऱ्याच्या हातात द्यायचं नसतं, मातीत टोचून ठेवायचं असतं, हे मला तिथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने हळूच सांगितलं. मी पुष्कळ माती टाकली. त्याने काही हलकं झालं नाही.

शोकाच्या त्या आठवड्यात आम्ही तिघं तुझ्या घरी गेलो. मीनू इतक्या वर्षांत पहिल्यांदा आली. मी बोलावलं नव्हतं, तीच कोट घालून गाडीत येऊन बसली. तेरा वर्षांची झाली आहे, माझ्या खांद्याला लागते. तुमच्या रिवाजाप्रमाणे घरातले आरसे झाकलेले होते. रिबेकावहिनी बुटक्या स्टुलावर बसल्या होत्या, पदर खांद्यावर घट्ट ओढून. शालिनी आणलेली उकडलेली अंडी ठेवायला आत गेली. मीनू सरळ वहिनींसमोर गेली आणि गुडघ्यांवर बसली.

"आंटी, सॉरी," ती म्हणाली. आणि मग मराठीत, शब्द शोधत शोधत, "काकांची कार्ड मी खराब केली. मी लहान होती. मी त्यांना नीट सॉरी म्हटला नाही कधी."

मला वाटलं होतं, तिने ते खोटं माझ्यासाठी वागवलं असेल. तसं नव्हतं. इतकी वर्षं उचलून ते तिचं झालं होतं. कदाचित तिला आता खरंच आठवत असेल, गोंदाची बाटली आपल्या हातात होती म्हणून.

मी मध्येच म्हणालो, "वहिनी, हिने नाही. मी चिकटवली ती कार्डं. मी एझ्राशी खोटं बोललो."

मी विचारलं, "त्याला माहीत होतं का?"

"ते आता विचारू नका, भावजी," त्या म्हणाल्या. "आणि मला काय सांगता? तिला सांगा."

मीनू अजून गुडघ्यांवरच होती. मी तिच्याकडे वळलो आणि म्हणालो, "सॉरी, मीनू."

"इट्स ओके," ती लगेच म्हणाली. बसमध्ये पायावर पाय देणाऱ्याला म्हणावं तितक्या लगेच. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

तेव्हा मला कळलं की माफी अजून मागून झालेली नाही. आपल्याकडे मोठ्या माणसाने लहानाची क्षमा मागायची पद्धत नाही. माझ्या वडिलांनी कधी माझी मागितली नाही, तुझ्या वडिलांनीही तुझी मागितली नसेल. मला ते वाक्य कुणी शिकवलं नव्हतं. शालिनी दारात येऊन उभी होती, तिने सगळं ऐकलं होतं आणि तिचा चेहरा मला बघवत नव्हता. मी त्या गालिच्यावर मीनूसमोर बसलो, माझे गुडघे वाजले, आणि तिने वर बघेपर्यंत थांबलो. शब्द जुळवायला मला वेळ लागला. तो तिने मला दिला.

मी म्हणालो, "ती कार्डं मी चिकटवली, मीनू. तू नको म्हणत होतीस, मी तुझा हात बाजूला केला. मग काकांना तुझं नाव सांगितलं आणि तुला त्यांची माफी मागायला लावली. तुझे काका मी तुझ्यापासून तोडले. माझं चुकलं, बाळ. मला माफ कर."